पत्रकाची पत

रोज सकाळी दारात येऊन पडणाऱ्या वर्तमानपत्रातील सर्व मजकूर बातमीदारांनी स्वतः हिंडून गोळा केलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सरकारी खात्याची घोषणा, कारखान्यातील अपघाताचा खुलासा, विद्यापीठाच्या परीक्षांच्या तारखा, वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा कार्यक्रम, असा कितीतरी मजकूर ज्याचा त्याने लिहून संपादकाकडे पोचता केलेला असतो. यालाच प्रसिद्धिपत्रक किंवा नुसते ‘पत्रक’ म्हणतात. इंग्रजीतून आलेला ‘प्रेस नोट’ हा शब्दही आपल्याकडे चांगलाच रुळला आहे.

या व्यवहारात एक विलक्षण गोष्ट आहे. जाहिरात देणारा जागेचे पैसे मोजतो. पत्रक पाठविणारा काहीच मोजत नाही. तरीही संपादक त्यास आपल्या पत्रात जागा देतो, आणि वाचक तो मजकूर पत्राच्या स्वतःच्या शब्दाइतकाच खरा मानतो. परक्याच्या हातचा लेख असा विश्वासाने स्वीकारावा, हे घडले तरी कसे? आणि तो विश्वास कशाने टिकतो, कशाने जातो? या प्रश्नांचे उत्तर अमेरिकेतील एका गृहस्थाच्या चरित्रात फार स्पष्टपणे सापडते. पत्रकाचे सामर्थ्य जगास दाखविणारा जो मनुष्य, त्याच्याच हातून त्या पत्रकाची पत कशी गेली, अशी ती कथा आहे. त्याचे नाव आयव्ही लेडबेटर ली.

ली यांचा जन्म १८७७ साली जॉर्जिया प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८९८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथील वर्तमानपत्रांत बातमीदार म्हणून काम करू लागले. त्या काळी अमेरिकेत रेल्वे, कोळसा, तेल आणि पोलाद यांचे अवाढव्य धंदे मूठभर धनिकांच्या हाती एकवटले होते. लोकांना काही सांगणे आपणांस लागते, ही कल्पनाच या धनिकांस मानवत नव्हती. रेल्वेसम्राट विल्यम व्हँडरबिल्ट यांना १८८२ साली लोकांच्या सोयीविषयी विचारले असता, ‘लोक गेले खड्ड्यात’ अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले, असे सांगतात. ते शब्द त्यांनी पुढे नाकारले. परंतु धनिकांची वृत्तीच तशी असल्यामुळे लोकांनी ते खरे मानले.

१९०२ साली पेनसिल्व्हेनियातील दगडी कोळशाच्या खाणींत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख खाणकामगार कित्येक महिने कामावर गेले नाहीत. कामगारांचे पुढारी जॉन मिचेल बातमीदारांना भेटत, त्यांच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देत. उलट खाणमालकांचे अग्रणी जॉर्ज बेअर बातमीदारांना दाराशी उभे करीत नसत. इतकेच नव्हे, तर ईश्वराने ज्यांच्या हाती मालमत्ता सोपविली आहे तेच कामगारांच्या हिताची काळजी वाहतील, असे त्यांनी एका पत्रात लिहिले. ते पत्र छापले गेले आणि देशभर त्याची टर उडाली. अखेर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडून आयोग नेमावा लागला. मालकांची बाजू न्यायाची होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. ती कोणाच्या कानी पडलीच नाही एवढे मात्र खरे.

मौनाचा हा एक प्रकार. याहून वाईट असा दुसराही प्रकार चालू होता, तो म्हणजे चोरवाटेने बोलण्याचा. १९०० साली बॉस्टन शहरात ‘पब्लिसिटी ब्युरो’ नावाची एक पेढी निघाली. पुढे रेल्वेच्या दरांवर सरकारी नियंत्रण घालणारे विधेयक येऊ घातले, तेव्हा रेल्वे कंपन्यांनी या पेढीस हाताशी धरले. पेढीकडून गावोगावच्या पत्रांकडे रेल्वेच्या बाजूचे लेख जात; पण ते कोणी लिहविले आणि पैसे कोणी दिले याचा पत्ता वाचकांस लागत नसे. रे स्टॅनर्ड बेकर या शोधक लेखकाने १९०६ साली ‘मॅक्लूअर्स’ मासिकात हा सारा प्रकार उघडकीस आणला. फुकट आलेल्या प्रत्येक मजकुराकडे संपादक आणि वाचक संशयाने पाहू लागले, यात नवल नाही. त्याच वर्षी ते विधेयक मंजूर होऊन ‘हेपबर्न कायदा’ अस्तित्वात आला.

१९०६ सालीच कोळशाच्या खाणींत पुन्हा तंट्याची चिन्हे दिसू लागली. या वेळी मालकांना चार वर्षांपूर्वीचा धडा आठवला. जॉर्ज पार्कर या अनुभवी पत्रकाराबरोबर ली यांनी नुकतीच भागीदारीत पेढी काढली होती. मालकांनी आपली बाजू मांडण्याचे काम तिच्याकडे दिले. तेव्हा ली यांनी सर्व संपादकांकडे एक छोटेसे निवेदन पाठविले. आज ते ‘तत्त्वांचा जाहीरनामा’ या नावाने ओळखले जाते. त्याचा आशय थोडक्यात असा होता: हे गुप्त कार्यालय नव्हे, आमचे सारे काम उघड्यावर चालते. ही जाहिरातीची पेढीही नव्हे. आमचा एखादा मजकूर पैसे घेऊन छापण्याजोगा वाटला, तर तो खुशाल बाजूस ठेवावा. आमची माहिती बिनचूक असेल. कोणत्याही विषयावर अधिक तपशील हवा असल्यास तो ताबडतोब पुरविण्यात येईल, आणि कोणा संपादकास एखादी गोष्ट स्वतः पडताळून पाहावयाची असल्यास त्यास आनंदाने साहाय्य करण्यात येईल.

या चार-पाच वाक्यांत पत्रकाचे सारे शास्त्र आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. संपादकाच्या मनातील प्रत्येक संशयास त्यात उत्तर आहे. हे कोणी लिहिले? नाव उघड आहे. ही छुपी जाहिरात तर नव्हे? तसे वाटल्यास छापू नका. हे खरे कशावरून? या, तपासून पाहा. पत्रक पाठविणारा जागेचे पैसे देत नाही हे खरे. परंतु त्याऐवजी तो आपला शब्द तारण ठेवतो.

या तत्त्वांची कसोटी लवकरच लागली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेनेही ली यांचे साहाय्य घेतले होते. रविवार, २८ ऑक्टोबर १९०६ रोजी या रेल्वेच्या एका उपकंपनीची विजेवर चालणारी तीन डब्यांची गाडी अटलांटिक सिटीकडे जात असता खाडीवरील पुलावरून पाण्यात कोसळली. जहाजांना वाट देण्यासाठी उघडता-मिटता येणारा हा पूल होता. तो मिटल्यावर रुळांची टोके एकमेकांशी नीट जुळून बसली नव्हती. पन्नासांहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगी त्या काळच्या रेल्वे कंपन्यांचा रिवाज ठरलेला होता: अपघाताची जागा बंद करावयाची, नोकरांस तोंड उघडू द्यावयाचे नाही, आणि बातमीदारांस पिटाळून लावावयाचे. या खेपेस मात्र कंपनीने आपण होऊन लेखी निवेदन काढले. बातमीदारांना आणि छायाचित्रकारांना जागेवर नेण्याची सोयही कंपनीने केली, असे सांगतात. ३० ऑक्टोबर रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन कंपनीचे म्हणून शब्दशः छापले.

जगातील पहिले प्रसिद्धिपत्रक हेच, असे पुष्कळ ग्रंथकार म्हणतात. सरकारे आणि कंपन्या यापूर्वीही निवेदने काढीतच असत. त्यामुळे ‘पहिले’ या शब्दाचा फार आग्रह धरण्याचे कारण नाही. महत्त्व आहे ते निराळ्याच गोष्टीस. स्वतःच्या नामुष्कीची हकीकत कंपनीने स्वतःच्या नावाने, कोणी मागण्यापूर्वी सांगितली. अफवा धावू लागण्याच्या आत खरी माहिती संपादकाच्या हाती पडली. लपविण्याने जी अब्रू वाचली नसती ती सांगण्याने पुष्कळशी वाचली, हे धंदेवाल्यांच्या ध्यानात आले.

पत्रक लिहिण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिचा मूळ हेतूही संपादकाची सोय पाहणे हाच आहे. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि मग आख्यानाकडे वळतो. पत्रकास पूर्वरंग परवडत नाही. काय घडले, कोठे, केव्हा, कोणाच्या बाबतीत, हे पहिल्या दोन-तीन वाक्यांतच यावे लागते. त्याखाली महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने तपशील येतो, आणि संस्थेची पूर्वपीठिका सर्वांत शेवटी. यामागील कारण छापखान्यात सापडते. खिळे जुळवून झालेला मजकूर पानात मावत नसला, की खालच्या ओळी काढून टाकणे सर्वांत सोपे पडे. ज्याने मुख्य गोष्ट शेवटास ठेविली असेल, त्याचे पत्रक छापून येई, पण मुख्य गोष्ट मात्र खिळ्यांच्या पेटीत परत जाई. आज खिळे गेले आणि टपालाची जागा ई-मेलने घेतली. तरी घाईत असलेला संपादक पहिली चार वाक्ये वाचूनच निर्णय करतो, यात फरक पडलेला नाही.

ली यांच्या कथेचा उत्तरार्ध मात्र वेगळ्याच रंगाचा आहे. १९१३ च्या सप्टेंबरात कोलोरॅडो प्रांतातील कोळशाच्या खाणींत संप सुरू झाला. तेथील सर्वांत मोठ्या कंपनीत रॉकफेलर घराण्याचे भांडवल गुंतलेले होते. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेले संपवाले बायकामुलांसह तंबूंत राहत. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील तंबूंच्या वसाहतीवर प्रांतिक लष्कराने आणि कंपनीच्या रखवालदारांनी गोळीबार केला, तंबू पेटले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात आश्रयास गेलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मरण पावली. साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. धाकटे जॉन रॉकफेलर यांनी आपली बाजू लोकांपुढे मांडण्यासाठी ली यांना बोलाविले.

ली यांनी कोलोरॅडोतील झगड्याविषयीची ‘सत्य परिस्थिती’ सांगणारी पत्रकांची एक मालिका काढली आणि ती देशभरातील संपादक, अधिकारी, धर्मोपदेशक व शिक्षक यांच्याकडे धाडली. लिखाण सुबक होते, पण ते सत्य नव्हते. कामगार पुढाऱ्यांस संघटनेकडून वर्षभरात मिळालेली रक्कम अवघ्या नऊ आठवड्यांची म्हणून दाखविली गेली. त्यामुळे हे पुढारी गरिबांच्या वर्गणीवर गबर होत आहेत, असा भास झाला. ‘मदर जोन्स’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या वृद्ध कामगार कार्यकर्तीच्या चारित्र्यावर किळसवाणा आरोप छापला गेला. पत्रके तयार होत फिलाडेल्फियात, पण टपालात पडत कोलोरॅडोतील डेन्व्हर शहरी. जणू ती तेथील खाणचालकांनीच लिहिली आहेत. ली यांचे नाव त्यांवर कोठेही नव्हते. आठ वर्षांपूर्वी ‘आमचे काम उघड्यावर चालते’ असे लिहिणाऱ्या लेखणीनेच हे लिहिले होते.

या प्रकरणाची चौकशी सरकारने नेमलेल्या औद्योगिक संबंध आयोगापुढे झाली. आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांनी १९१५ साली ली यांची उलटतपासणी घेतली. पत्रकांतील माहिती कोठून मिळाली, या प्रश्नास ली यांनी कंपनीच्या वरिष्ठांकडे बोट दाखविले. ती खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण स्वतः कोणते प्रयत्न केलेत, असे विचारले असता, काहीच नाही, असे उत्तर त्यांना द्यावे लागले. पुढे प्रसिद्धीस आलेले कवी कार्ल सँडबर्ग यांनी त्यांना पगारी खोटारडा म्हटले. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव ठेविले. अंगास लागताच खाज सुटणाऱ्या एका विषारी वेलीचे ते नाव आहे, आणि ते ली यांना जन्मभर चिकटून राहिले.

येथे थोडा विचार केला पाहिजे. कौशल्याच्या दृष्टीने लडलोची पत्रके अटलांटिक सिटीच्या निवेदनाहून उणी नव्हती. भाषा सफाईदार होती, मांडणी मुद्देसूद होती. फरक एकाच गोष्टीचा होता. पहिल्या वेळी घटनास्थळ बातमीदारांना खुले होते. निवेदनातील प्रत्येक शब्द पुलावर जाऊन पडताळता येत होता. दुसऱ्या वेळी लेखक दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर बसून, पैसे देणाऱ्याने सांगितले ते लिहून घेत होता. ज्याने बिनचूकपणाची हमी दिली, त्याने ती हमी पाळण्याचे काम दुसऱ्यावर सोपविले. त्याच क्षणी पत्रकाचे निव्वळ वकीलपत्र झाले. वकील कोणाचा, हे न्यायालयात सर्वांना ठाऊक असते. येथे तेही लपविलेले होते.

रॉकफेलर यांची बाजू पुढे काही अंशी सावरली, ती या पत्रकांनी नव्हे. कॅनडाचे मॅकेंझी किंग, जे पुढे त्या देशाचे पंतप्रधान झाले, त्यांच्या सल्ल्याने १९१५ च्या सप्टेंबरात रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोत गेले. ते खाणीत उतरले, कामगारांच्या घरी बसले, त्यांच्या तक्रारी त्यांनी ऐकून घेतल्या, आणि कामगारांच्या प्रतिनिधींना बोलण्याची सोय करणारी एक योजना पुढे ठेविली. त्या योजनेत उणिवा होत्या, आणि स्वतंत्र कामगार संघटनेस तीत स्थान नव्हते. तरी वर्तमानपत्रांना लिहिण्याजोगे काहीतरी प्रत्यक्ष घडले होते. कृती नसता नुसत्या पत्रकाने भागत नाही, हे यावरून दिसले.

ली यांचा शेवटही याच प्रश्नापाशी झाला. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. त्यानंतर ‘इगे फार्बेन’ या प्रचंड जर्मन रसायन कंपनीने अमेरिकेतील लोकमताविषयी सल्ला देण्यासाठी ली यांना वर्षास २५,००० डॉलर देऊ केले. १९३४ साली अमेरिकन लोकसभेच्या समितीपुढे त्यांना याबद्दल साक्ष द्यावी लागली. जर्मनांनी जे सांगावयाचे ते उघडपणे व स्वतःच्या नावाने सांगावे, एवढाच आपला सल्ला होता, असे त्यांचे म्हणणे. ते मानले तरी जनतेचा ग्रह बदलला नाही. कारण एकदा गेलेली पत खुलाशाने परत येत नाही. त्याच वर्षी ९ नोव्हेंबर रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी ते मेंदूच्या विकाराने मरण पावले.

पत्रकाची प्रथा मात्र जगभर पसरली. हिंदुस्थान सरकारने १९१९ साली सिमल्यास माहिती पुरविणारा एक छोटा विभाग उघडला. १९४६ पासून तो ‘प्रेस इन्फर्मेशन ब्युरो’ या नावाने चालत आला आहे. मराठीत त्याला पत्र सूचना कार्यालय म्हणतात, आणि त्याची पत्रके मराठीतूनही निघतात. सरकार व कंपन्यांप्रमाणेच आज गावोगावची वाचनालये, शाळा, सहकारी गृहसंस्था आणि नाट्यमंडळेही पत्रके काढतात. त्यांच्या चिटणिसांना हा इतिहास नुसता मनोरंजक नव्हे, उपयोगाचाही आहे.

एखाद्या वाचनालयाने मुलांसाठी नवी शाखा उघडली, असे समजू. पुष्कळदा पत्रकाची सुरुवात ‘आपल्या लोकप्रिय व अग्रगण्य संस्थेच्या विद्यमाने, मान्यवरांच्या शुभहस्ते, मोठ्या थाटात’ अशी होते. पहिल्या परिच्छेदात पाहुण्यांची नावे येतात आणि मुलांचा उल्लेख येण्यापूर्वीच संपादकाची कात्री चाललेली असते. त्याऐवजी अमुक वाराला, अमुक तारखेस सकाळी ८ वाजता मुलांसाठी शाखा उघडणार आहे, तीत इतकी पुस्तके आहेत, वर्गणी नाही, असे लिहिले तर वाचकास हवे ते सारे एका दमात मिळते. ‘उद्या’ व ‘येत्या रविवारी’ हे शब्द धोक्याचे. मजकूर दोन दिवस उशिरा छापला गेला तर तेच शब्द खोटे ठरतात. वार आणि तारीख दोन्ही द्यावीत. ‘अभूतपूर्व’, ‘ऐतिहासिक’ ही विशेषणे लेखकाने न वापरावी. कार्य तसे असेल तर लोक आपण होऊन म्हणतील. पत्रक एका पानात आटोपावे, आणि पान लावून होण्याच्या पुष्कळ आधी ते कचेरीत पोचावे.

परंतु हे सारे बाह्यांग झाले. पत्रकाच्या तळाशी संस्थेचे नाव आणि जबाबदार माणसाचे नाव व पत्ता असतो. संपादकाने विचारले तर उत्तर देणारा येथे आहे, अशी ती ग्वाही असते. म्हणून सही करण्यापूर्वी चिटणिसाने प्रत्येक आकडा स्वतः मूळ कागदावरून पाहावा. पुस्तके १,२०० असतील तर ‘सुमारे दोन हजार’ लिहू नये. अध्यक्षांनी सांगितले म्हणून तर मुळीच लिहू नये. सभेत भांडण झाले असेल, हिशेबात चूक निघाली असेल, तर ती गोष्ट दुसऱ्याकडून बाहेर पडण्यापूर्वी आपणच सांगावी. छापून आल्यावर चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्ती धाडावी. लडलोच्या पत्रकांतील आकड्यांची दुरुस्ती वेळीच झाली असती, तर आयोगापुढे निम्मे प्रश्नच उरले नसते.

संपादकाच्या टेबलावर दररोज पत्रकांचा ढीग पडतो. त्यातील कोणते उघडावयाचे, हे तो बहुधा पाठविणाऱ्याचे नाव पाहून ठरवितो. मागच्या वेळी या नावाने पाठविलेला मजकूर खरा निघाला होता काय, एवढाच त्याचा हिशेब असतो. अटलांटिक सिटीच्या पुलावर हा हिशेब ली यांच्या बाजूने लागला, लडलोच्या तंबूंपाशी तो फिरला, आणि पुढे वीस वर्षे खटपट करूनही त्यांना तो पुन्हा सरळ करता आला नाही.